माझ्या नावापुढे निरंक

कंप्युटरमधल्या नोंदीप्रमाणे मी अकरा वर्षं काहीही काम केलेलं नाही. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. त्याचा छापील कागद आहे, रंगीत आहे, आणि मी तो जपून ठेवलाय. कुणी माझ्या कष्टांचं कौतुक करायला लागलं तर मी तो काढून दाखवते. मग माणूस गप्प बसतो.

आमची एजन्सी बोअरच्या मोटारींची. जळगावच्या एमआयडीसीत. मोटारी विकायच्या, जळाल्या की दुरुस्त करायच्या आणि वॉरंटीत असल्या तर कंपनीकडे दावा टाकून बदलून आणायच्या. मालकांना सगळे नाना म्हणतात. मागच्या वर्कशॉपमध्ये मोटारी उघडून बसलेले मेकॅनिक, त्यांना आबा म्हणतात. पुढच्या ऑफिसात मी, मला सगळे ताई म्हणतात. धुळ्याला हायवेवर आमची एक शाखा आहे. आणि नानांचा पुतण्या. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण घरचा आहे म्हणून त्याला भाऊ म्हणायचं. तो ऑफिसात यायचा. रोज यायचा असं नाही, पण यायचा.

माझं काम पाच ठिकाणी चालायचं. कंपनीची वॉरंटीची साइट, मालाच्या साठ्याचं सॉफ्टवेअर, ट्रान्सपोर्टचं बुकिंग, तक्रारींची नोंद आणि मेल. पाच दारं, पाच कुलपं, पाच पासवर्ड. दर तीन महिन्यांनी कुठलं तरी एक दार म्हणायचं की पासवर्ड बदला. मग मी बदलायचे आणि कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर खाडाखोड करायचे. ती चिठ्ठी कीबोर्डखाली आहे हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. चहावाल्यालाही ठाऊक असावं, कारण तो चहा ठेवताना कीबोर्ड उचलत नसे.

पण ही पाचही दारं माझ्या नावावर नव्हती. आमच्याकडे कुठलीही नोंद घरच्या माणसाच्या नावानं करायची पद्धत आहे. लाइटचं मीटर, गॅस, मोटारसायकल, सगळं घरच्याच्या नावावर, वापरो कुणीही. मी नोकरीला लागले तेव्हा कंपनीच्या साइटनं पहिल्यांदा विचारलं की वापरणाऱ्याचं नाव काय. मी नानांना विचारलं. नाना म्हणाले, "माझं नको टाकू, मला त्यातलं कळत नाही. पुतण्याचं टाक." पुतण्या तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तिसऱ्यांदा बसला होता. मी त्याचं नाव टाकलं, त्याचा मोबाइल टाकला, जन्मतारीखही त्याचीच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट नाना 'तुझंच टाक' म्हणाले असते तर मी घाबरले असते. पुढं जी जी साइट आली तिथं तेच नाव गेलं.

मोबाइल त्याचा म्हणजे ओटीपीही त्यालाच. त्यामुळे सकाळी साडेनऊला मी ऑफिस उघडायचे, देवापुढे उदबत्ती लावायचे आणि फोन करायचे. "भाऊ, ओटीपी." पलीकडून आधी पांघरुणाचा आवाज यायचा, मग सहा आकडे. हा कार्यक्रम कधी चुकला नाही, हे मान्य करायला हवं. त्यानं जिममधून आकडे दिले, सलूनमध्ये तोंडाला साबण असताना दिले, स्वतःच्या हळदीत बसून दिले. तेव्हा मागं बायका गात होत्या आणि मला तीन आहे की सहा हे ऐकू येईना, म्हणून त्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि पुन्हा सांगितलं. लग्नानंतर तो बायकोला घेऊन बर्फ बघायला गेला, तिथूनही दिले. वर म्हणाला, "ताई, जरा लवकर करत जा फोन, म्हणजे मी कामातून मोकळा होतो."

मला राग यायचा. पण तो साडेनऊला यायचा आणि दहाला पहिला शेतकरी काउंटरवर उभा राहिला की मी तो विसरायचे. राग धरून बसायला वेळ लागतो, तो मला नव्हता.

वेळेचंच सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. माझं माहेर जळगाव, सासर धुळे. लग्न झालं तेव्हा सगळे म्हणाले, नोकरी सोड. मी सोडली नाही, अप-डाउन सुरू केलं. सकाळी साडेसहाची एसटी, पारोळा, एरंडोल करत सव्वानऊला जळगाव. संध्याकाळी सहाला निघायचं, पावणेनऊला घरी. दिवसाचे साडेपाच तास, एसटी लवकर पोचली तर पाच. मला सहा वर्षांची मुलगी आहे. मी निघते तेव्हा ती उठलेली नसते, मी पोचते तेव्हा ती जेवून पेंगुळलेली असते. आमची नीट गाठ रविवारी पडते. तिला भात कसा लागतो, मऊ की मोकळा, हे मला तिच्या आजोबांना विचारावं लागतं. हे मी कुणाला सांगत नाही, पण बसमध्ये एरंडोलच्या पुढं गेलं की दर वेळी आठवतं.

त्या उन्हाळ्यात धुळ्याच्या शाखेच्या मॅनेजरांनी सांगितलं की ते आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, काम सोडणार, गावाकडं जाऊन राहणार. धुळ्याची शाखा माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. मी त्याच दिवशी नानांना म्हटलं, "नाना, ती खुर्ची मला द्या." नाना म्हणाले, "बघू." नानांचं 'बघू' म्हणजे नाही नव्हे. नाना सरळ माणूस आहेत. त्यांचं एकच असतं, तोंडचं सांगू नका, कागद दाखवा. कागदावर असेल ते खरं. मला वाटलं, चला, कागद तर आपल्याच हातात आहेत.

मग वैशाखात एका दिवसात कुणीतरी तीनदा चुकीचा पासवर्ड दाबला आणि वॉरंटीची साइट चोवीस तासांसाठी बंद झाली. दारात जळालेल्या मोटारी रांगेनं पडलेल्या, आणि आत आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलेले. नाना चिडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका ओळखीच्या गृहस्थांना आणलं. पन्नाशीचे असतील. आधी इन्व्हर्टर बसवायचे, मग कॅमेरे बसवायला लागले आणि आता हे नवीन. आम्ही त्यांना चावीवाले म्हणायला लागलो, कारण ते एकच वाक्य बोलायचे: "नाना, बठ्ठं एकच चावीवर शे." म्हणजे सगळं एकाच चावीवर आहे.

त्यांनी समजावून सांगितलं ते मला चांगलं कळलं. पाच ठिकाणी पाच पासवर्ड ठेवायचे नाहीत. सकाळी आल्यावर एकदाच आपल्या नावानं आत यायचं. मोबाइल विचारणार, तुम्हीच का? आपण मोबाइलला तोंड दाखवायचं. झालं, पाचही दारं उघडतात. प्रत्येकानं आपापल्या नावानं यायचं, दुसऱ्याच्या नाही. कोण नोकरी सोडून गेलं तर त्याचं एक नाव बंद केलं की पाचही दारं बंद. आणि कुणी काय काम केलं ते नावानिशी दिसतं.

शेवटचं ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्यांना स्वतः चहा आणून दिला.

चावीवाल्यांनी एक तक्ता दिला. रकाने चार: नाव, मोबाइल, काम काय, आणि आजपर्यंत वापरलेला जुना आयडी. तो तक्ता मी भरला. आता चूक कुणाची ते सांगते. चावीवाल्यांची नाही, नानांची नाही, त्या भाऊचीही नाही. माझी. मी भाऊच्या नावापुढे जुन्या आयडीच्या रकान्यात पाचही आयडी स्वच्छ अक्षरात लिहिले, कारण ते त्याच्या नावाचे होते. मग माझं नाव आलं. माझ्या नावाचा एकही आयडी नव्हता. रकाना कोरा ठेवायचा नाही हे हाडात बसलेलं, म्हणून मी लिहिलं: निरंक. खाली तारीख टाकली, सही केली आणि तक्ता देऊन सहाची बस पकडली.

चार दिवसांनी चावीवाले रंगीत कागद घेऊन आले. ऑफिसात नाना होते, भाऊ होता, मी होते, आणि पाणी प्यायला आत आलेले आबा. चावीवाल्यांनी जुनं सगळं काम त्या त्या माणसाच्या नावाला जोडून टाकलं होतं आणि त्याचा तक्ता काढला होता, नानांना बरं वाटावं म्हणून. पहिलं नाव भाऊचं. त्याच्या नावापुढे हिरवा पट्टा सुरू झाला तो कागदाच्या दुसऱ्या कडेपर्यंत गेला. अकरा वर्षांतले सगळे दावे, सगळी बुकिंग, सगळी पत्रं. खाली धुळ्याच्या मॅनेजरांचा बोटभर पट्टा. त्याखाली माझं नाव आणि पुढे काही नाही. कागद पांढरा होता तेवढाच.

नानांनी तो पट्टा या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिला. मग त्यांनी चष्मा काढला. "आम्ही उगाच पोराला बोलत राहिलो," ते म्हणाले. "रिकामटेकडा म्हणालो त्याला." नानांना मी पहिल्यांदाच असं पाहिलं.

भाऊला आधी नवल वाटलेलं दिसलं. मग जरा कमी वाटलं. मग तो कागद जवळ घेऊन बघायला लागला, आणि त्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर नवल काही उरलं नाही. स्वतःबद्दलचं चांगलं माणसाला पटायला फार वेळ लागत नाही.

"बर्फातून सुद्धा केलंय बघा काम," भाऊच्या लग्नाला आलेले चावीवाले तारखांवर बोट फिरवत म्हणाले. ते मनापासून म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "नाना, हे सगळं मी केलंय."

"अगं, तू मदत केलीस. मी कुठं नाही म्हणतो?" नाना म्हणाले.

"मदत नाही. मी केलं. ते नुसता ओटीपी द्यायचे."

भाऊ म्हणाला, "ताई, पण मी ओटीपी दिल्याशिवाय काहीच उघडत नव्हतं ना?" तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

आबा ग्लास हातात धरून उभे होते. ते म्हणाले, "मंग अकरा वरीस आठे कोण बठेल व्हतं?" नानांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कागदाकडे पाहिलं. कागद रंगीत होता. आबा तोंडचं बोलत होते. संध्याकाळपर्यंत ठरलं की धुळ्याची खुर्ची भाऊला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी पेढे पाठवले, मलाही दोन आले.

मी बसमध्ये रडले. रागानं रडले, वाईट वाटून नाही. वाईट नंतर वाटलं. सकाळी मला स्टँडवर सोडताना नवरा म्हणाला, "पण तुझं नाव टाका म्हणून तू कधी सांगितलं होतंस का?"

"नाही."

"का नाही?"

मी पर्समध्ये बसचा पास शोधायला लागले. तो म्हणाला, "मग आता तरी सांग," आणि गाडी वळवून गेला. त्याचं बरोबर होतं, म्हणून मी दिवसभर त्याच्यावर चिडून होते.

सोमवारी नवी चावी सुरू झाली. मी माझ्या नावानं आत आले, मोबाइलला तोंड दाखवलं, पाचही दारं उघडली. एकाच झटक्यात. चावीवाल्यांच्या कामात खोट काढायला जागा नाही. पण आत सगळी बटणं करडी होती. दाबली तर दबेनात. मी फोन लावला तर ते म्हणाले, "ताई, ज्यानं आजपर्यंत जे वापरलं त्याला तेवढे अधिकार दिलेत. तुमचं निरंक होतं, म्हणून तुम्हाला फक्त बघता येईल. नाना म्हणत असतील तर आत्ता बदलतो."

मी म्हटलं, "राहू द्या."

एक वाक्य नानांना सांगितलं असतं तर बटणं उघडली असती, हे मला माहीत होतं. पण माझा स्वभाव वाईट आहे. मी मांडीवर हात ठेवून बसले. फोन आला की म्हणायचे, "ते भाऊंचं काम आहे, भाऊ आले की करतील." भाऊ अकराला आला. म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्याच नावानं करा की, नेहमीसारखं." आता ते ओटीपीचं राहिलं नव्हतं. त्याचं तोंड लागत होतं, आणि स्क्रीन झोपली की पुन्हा लागत होतं. तो म्हणाला, "मी बसतो इथं, तोंड दाखवत राहतो, तुम्ही करा." मी म्हटलं, "भाऊ, काम तुमच्या नावाचं आहे. तुम्हीच केलेलं बरं, नोंद चुकायला नको."

सोमवारी त्यानं एक दावा टाकला, तो परत आला. मंगळवारी तो दोन तास मेल वाचत बसला. वाचण्यात तो पटाईत निघाला. वर्कशॉपच्या दाराशी जळक्या मोटारींची ओळ लागली. आबा येऊन मला विचारून गेले, "तू काय हात बांधी बठनी का?" मी म्हटलं, "आबा, मी बघतेय. मला बघायचाच अधिकार आहे."

मला मजा येत होती. हे लिहायला लाज वाटते, पण येत होती.

बुधवारी दुपारी रावेरकडचा एक केळीवाला शेतकरी पिकअपमध्ये मोटार घालून आला. गेल्या साली आमच्याकडूनच घेतलेली, वॉरंटीत होती. आदल्या दिवशी जळाली होती. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. अशा दिवसांत केळीचं ठिबक दोन दिवस बंद राहिलं तर पानं खाली येतात आणि घड माना टाकतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चारच्या आत दावा गेला तर बदली मोटार त्याच संध्याकाळी कंपनीच्या डेपोतून निघते. चारनंतर गेला तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीला.

तीन वाजले होते. भाऊ दावा टाकायला बसला. पहिल्यांदा मोटारीचा नंबर चुकला. दुसऱ्यांदा कुठं चुकलं ते त्यालाही कळलं नाही. तिसऱ्यांदा चुकलं तर त्या नंबरचा दावा तपासणीला जातो आणि आठ दिवस सुटत नाही. हे त्याला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. त्याच्या कपाळावर घाम होता, पंख्याखाली. नाना आतून चहाचा कप घेऊन दारात येऊन उभे राहिले होते.

केळीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, नेहमी तर तुम्हीच करता ना?" तक्रारीनं नाही म्हणाला, साधं विचारलं. मग बाकावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

माझं भांडण नानांशी होतं, भाऊशी होतं, त्या कागदाशी होतं. या माणसाच्या केळीशी माझं काय वैर होतं? तीन दिवसांची मजा एका क्षणात कडू झाली. मी उठून काउंटरवर गेले, त्याची मोटार जमा केल्याची पावती फाडायला घेतली. स्क्रीन माझ्या पाठीमागे होती. मी लिहिता लिहिता म्हटलं, "भाऊ, काही दाबू नका. मी सांगते तेवढंच करा."

"हं."

"वर डावीकडे तीन रेघा आहेत, त्या दाबा. चौथ्या ओळीत 'नवीन दावा'. नंबर टाका. शेवटी शून्य नाही, ओ आहे, कंपनीनं तसंच छापलंय. आता तारीख. तारीख टाकली की थांबा, गोल फिरायला लागेल, ते थांबेपर्यंत हात लावायचा नाही. हे तुम्ही मघाशी केलं नाहीत."

मी केळीवाल्याला गाव विचारलं, लिहिलं.

"थांबलं," भाऊ म्हणाला.

"आता कारण विचारेल. 'जळाली' निवडू नका, ते वापरणाऱ्यावर ढकलतात. खाली जा, सातवं आहे, 'वाइंडिंग शॉर्ट'. आबांनी मोटार उघडून फोटो काढलाय, तो तुमच्या मोबाइलवर पाठवलाय. तो तसाच जाणार नाही, मोठा आहे. आधी लहान करा. हं, आता लाल अक्षरात काहीतरी येईल. घाबरू नका, ते सगळ्यांनाच येतं. 'पुढे' दाबा. पुन्हा येईल. पुन्हा 'पुढे'."

"आलं. पुन्हा आलं. गेलं. ताई, गेला दावा. हिरवं आलं."

चाराला दहा कमी होते. मी पावती फाडून केळीवाल्याला दिली. "उद्या दुपारपर्यंत येईल. फोन करते," मी म्हटलं. त्यानं टोपी घातली, मान हलवली आणि गेला.

नाना दारातच होते. कप भरलेला तसाच होता. ते म्हणाले, "तू तिकडं बघत नव्हतीस."

"नाही."

"मग पुढे काय येणार हे तुला कसं कळत होतं?"

"नाना, अकरा वर्षं तेच येतंय," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. मला तो फाटायला नको होता.

भाऊ खुर्चीत बसून खाली बघत होता. त्याला लाज वाटली होती. मला त्याची कीव आली, जराशीच.

नानांनी तिथूनच चावीवाल्यांना फोन लावला. माझी बटणं दहा मिनिटांत उघडली. मग नानांनी विचारलं, जुनं काम हिच्या नावावर करता येईल का? चावीवाले म्हणाले, ते एकदा जोडलं ते जोडलं, आता फोडता येत नाही. नानांनी दोनदा विचारलं. उत्तर तेच आलं. म्हणजे ती अकरा वर्षं आजही भाऊच्याच नावावर आहेत आणि राहतील.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला आत बोलावलं. "ताई, माझं चुकलं," ते म्हणाले. मग टेबलावरची काच पुसत बसले. "पण आता धुळ्याचं मागं घेता येत नाही गं. त्याच्या बापाला शब्द दिलाय. पेढे वाटलेत. मागं घेतलं तर घर फुटेल."

काच पुसतच ते पुढे म्हणाले,

"पण तुला मी पूर्ण अधिकार देतो. दोन्ही शाखांचे. धुळ्याचे दावेसुद्धा तूच बघ. त्याला काही ते जमायचं नाही. चावीवाला म्हणतो, एका चावीनं दोन्हीकडचं उघडतं, कुठूनही करता येतं. तू इथं बसल्या जागी धुळ्याचंही करशील." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांच्या मते ते मला बक्षीस देत होते.

बाई गं. पाच तासांची बस तशीच, आणि वर धुळ्याचं काम. मला हसावं की टेबल उलटं करावं हे कळेना. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग त्यांचा एक शब्द माझ्या डोक्यात अडकला.

"कुठूनही?" मी विचारलं.

"कुठूनही."

"मग मी धुळ्याहून करते. जळगावचंही."

नाना काच पुसायचे थांबले. "तिथली खुर्ची तर त्याला दिली."

"खुर्ची त्यांनाच असू द्या. मला एक टेबल पुरे."

"आणि इथं? इथं माणूस नको? समोर कुणी नसताना काम कसं होईल?"

मी म्हटलं, "नाना, भाऊ अकरा वर्षं इथं नव्हते आणि कागदावर सगळं काम त्यांनीच केलंय. तुम्हीच तो कागद पाहून चष्मा काढलात. मी निदान फोन तरी उचलीन."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असं मला वाटलं. मग त्यांनी खण उघडून तो रंगीत कागद काढला, त्या हिरव्या पट्ट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "हा तूच ठेव," ते म्हणाले. "काउंटरला आबाच्या पुतणीला बसवू. ती पावत्या फाडेल. कधीपासून जातेस?"

"सोमवारपासून."

सोमवारी मी पहिल्यांदा साडेनऊला घरातून निघून पावणेदहाला कामावर पोचले. धुळ्याच्या शाखेत माझं टेबल दाराजवळ आहे, पाइपांच्या गठ्ठ्याला लागून. भाऊची केबिन काचेची आहे. तो आता रोज येतो. त्या दिवशी माझा चहा त्यानं स्वतः आणून ठेवला आणि म्हणाला, "ताई, आता मला फोन नाही करायचा का सकाळी?" मी म्हटलं, "नाही." तो आत गेला. मी माझ्या नावानं सात दावे टाकले.

सहाला मी टेबल आवरलं आणि रिक्षा केली. सव्वासहाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरले. ऊन अजून भिंतींवर होतं. मुलगी शेजारच्या पोरींबरोबर खडूनं आखलेल्या चौकोनांत लंगडी घालत होती. मला बघून तिनं दुसरा पाय खाली टेकवला. पळत येईल असं मला वाटलं होतं. ती चालत आली, हळू, आणि दोन हातांवर थांबली.

"आई," ती हळूच म्हणाली, "कोण वारलं?"

कामाच्या दिवशी उजेडात घरी आलेली मी तिनं एकदाच पाहिली होती, तिची आजी गेली तेव्हा.

मी म्हटलं, "कुणी नाही. आता मी रोज याच वेळेला येणार." तिनं मान हलवली. मग ती आत गेली, आजोबा टीव्हीसमोर बसलेत का ते बघून आली, आणि नंतर माझा हात धरला.